सर्व्हर चालू, तरी मॉनिटरवर लाल!

मॉनिटरिंगच्या पडद्यावर सर्व्हर लाल झाला की पहिली धाव पिंगकडे. पण विंडोज सर्व्हरची फायरवॉल बहुतेकदा पिंगला उत्तरच देत नाही. पिंगला परवानगी देणारा नियम आपल्याला सुरू करावा लागतो. म्हणून पिंग गप्प आहे एवढ्यावरून सर्व्हर बंद समजू नये. आणि पिंग लागला म्हणून मॉनिटरिंग चालेलच असंही नाही.

खरी बातमी असते ती एररच्या नंबरात. १७२२, म्हणजे ‘आरपीसी सर्व्हर उपलब्ध नाही’ आला, तर आपण तिथवर पोचलोच नाही: फायरवॉल, डीएनएस किंवा चुकीचं नाव तपासा. ५, म्हणजे ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ आला, तर मात्र खूश व्हा! निरोप पोचला, समोरच्याने वाचला आणि मग नकार दिला. आता बघायचं ते खातं आणि परवानग्या. पाच नंबरच्या एररसाठी लोक रात्रभर फायरवॉलचे नियम उलटसुलट करतात, तेव्हा खरंच हळहळ वाटते.

१३५ नंबरच्या पोर्टचं काम सरकारी कचेरीतल्या चौकशीच्या खिडकीसारखं. मॉनिटरिंगसाठी विंडोजची माहिती आणणारं डब्ल्यूएमआय आधी तिथे जातं, आणि तिथून कळतं की पुढचं बोलणं अमुक पोर्टवर. हा अमुक ४९१५२ ते ६५५३५ मधला कुठलाही, म्हणजे १६,३८४ शक्यता. सर्व्हर २००८ च्या आधी हीच पट्टी १०२५ ते ५००० अशी होती. १३५ ची चाचणी पास होते आणि तरी डेटा येत नाही, तो बहुधा इथे अडकलेला असतो. उपायही आहे: ‘स्टँडअलोनहोस्ट’ पर्याय देऊन डब्ल्यूएमआयला २४१५८ या एकाच पोर्टवर बसवता येतं. मग फायरवॉलवाल्यांकडे हजारो नव्हे, दोनच पोर्ट मागायचे.

ते १३५ उघडायला का कचरतात? ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म याच पोर्टमार्गे आरपीसीतल्या त्रुटीत शिरला. संगणकावर ६० सेकंदांची उलटी मोजणी दिसायची आणि मशीन रीस्टार्ट व्हायचं. पुढच्याच ऑगस्टमध्ये विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला, तो फायरवॉल आपोआप चालू ठेवूनच.

दुरून माहिती घ्यायचा दुसरा मार्ग, विनआरएम, तुलनेने सरळ: ५९८५ किंवा ५९८६, एकच पोर्ट पुरतो. गंमत म्हणजे ५९८५ वर एचटीटीपी असलं तरी कर्बेरॉस किंवा एनटीएलएमने ओळख पटली की आतला मजकूर एन्क्रिप्ट होऊनच जातो. मात्र सर्व्हरच्या नावाऐवजी आयपी पत्ता दिलात की सहसा कर्बेरॉस बाजूला पडतं. मग ट्रस्टेड होस्ट्सची यादी किंवा एचटीटीपीएस लागतं.

कर्बेरॉस घड्याळाच्या बाबतीत कडक. मुळातली सवलत फक्त ५ मिनिटांची, आणि हिशेब यूटीसीत. म्हणजे एक सर्व्हर भारतीय वेळेवर आणि दुसरा लंडनच्या, याने काही बिघडत नाही. बिघडतं ते असं: नव्या सर्व्हरचा टाइम झोन अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेवर राहिलेला असतो, आणि कुणीतरी झोन न बदलता काटेच हाताने फिरवून भारतीय वेळ लावतं. डोळ्यांना घड्याळ बरोबर, पण यूटीसी ऋतूनुसार तब्बल साडेबारा किंवा साडेतेरा तास पुढे! डोमेनमधला सर्व्हर एरवी डोमेन कंट्रोलरकडून वेळ दुरुस्त करून घेतो. वेळेची सेवाच बंद असेल तर चूक तशीच राहते.

डोमेनबाहेरच्या सर्व्हरवर आणखी एक चकवा. स्थानिक खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स गटात आहे, पासवर्ड अचूक आहे, तरी पाच नंबर. कारण असं खातं दुरून आलं की यूएसी त्याचे जादा अधिकार काढून घेतं. मूळचं ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ खातं तेवढं यातून सुटतं. रजिस्ट्रीत ‘लोकल अकाउंट टोकन फिल्टर पॉलिसी’ १ केली की अडथळा जातो, पण सुरक्षाही सैल होते. मॉनिटरिंगपुरत्या परवानग्या दिलेलं वेगळं खातं काढणं केव्हाही शहाणपणाचं.

आणि कालपर्यंत हिरवा असलेला सर्व्हर रीबूटनंतर लाल झाला, तर आधी नेटवर्क प्रोफाइल बघा. डोमेन कंट्रोलर वेळेवर सापडला नाही की विंडोज नेटवर्कला ‘पब्लिक’ ठरवतं आणि डोमेनसाठी लिहिलेले फायरवॉलचे नियम लागूच होत नाहीत. पॉवरशेलमध्ये गेट-नेटकनेक्शनप्रोफाइल ही एक कमांड दिली की हे लगेच दिसतं.