संडासवाटे रक्त जाते? मोड आहेत असे समजून बसू नका

वस्तीत कुणाला संडासवाटे रक्त गेले की पहिला शब्द ऐकू येतो तो ‘मोड’. मग ‘मूळव्याध-भगंदर, बिनाऑपरेशन इलाज’ अशी पाटी लावलेल्याकडून पुड्या येतात, तिखट बंद होते आणि वर्ष निघून जाते. पुष्कळदा मूळव्याधच असते, हे खरे. पण मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही असेच रक्त जाते, आणि तपासल्याशिवाय दोहोंतला फरक कुणालाच सांगता येत नाही. म्हणून हा रोग आत कसा घडतो ते या वेळी आम्ही सांगत आहोत. त्यात भीतीपेक्षा धीर देणारे जास्त आहे.

मोठे आतडे साधारण दीड मीटर लांब. त्याचे आतले अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते, म्हणजे तिथे सतत जुन्या पेशींपासून नव्या पेशी तयार होत असतात. दर वेळी पेशीतल्या जनुकांची नक्कल निघते. जनुक म्हणजे पेशीने काय करायचे आणि कधी थांबायचे याची लेखी सूचना. इतक्या नकला काढताना कुठेतरी अक्षर चुकतेच. बहुतेक चुका शरीर दुरुस्त करते, काही राहून जातात.

पहिली चूक बहुधा ‘एपीसी’ या जनुकात होते. ते पेशीचा ब्रेक आहे. ब्रेक गेला की अस्तरावर चामखिळीसारखी छोटी गाठ उठते, तिला पॉलिप म्हणतात. हा कर्करोग नव्हे, आणि बहुतेक पॉलिपचा पुढे कर्करोग होतही नाही. काहींमध्ये मात्र ‘रास’ जनुक बिघडते, जणू रिक्षाचा अ‍ॅक्सिलरेटर अडकून राहिला. पुढे ‘पी ५३’ जनुक जाते, जे बिघडलेल्या पेशीला अडवणारा पहारेकरी आहे.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सचे बर्ट व्होगेलस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली लहान-मोठ्या १७२ गाठींचे नमुने तपासले. एक सेंटिमीटरहून लहान पॉलिपपैकी फक्त ९ टक्क्यांत रास बदललेले होते, त्याहून मोठ्यांपैकी ५८ टक्क्यांत. गाठ वाढते तसे बिघाड साठत जातात. या सगळ्याला बहुधा दहा वर्षे किंवा जास्तच लागतात. तेवढ्यात दुर्बिणीने पॉलिप सापडला, तर तारेच्या फासाने तो तिथेच काढता येतो.

आजार कळला की ‘मागच्या जन्मीचे भोग’ म्हणणारे आपल्या घरांतही भेटतात. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात हाच मुद्दा घेतला आहे. मुलाला वारसा मिळतो तो आईवडिलांकडून, असे विज्ञान सांगते, आणि पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त त्याच्याशी जुळत नाही. आतड्याच्या गाठीतले बहुतेक बिघाड तर वारशानेही आलेले नसतात. ते त्याच माणसाच्या हयातीत, त्याच्याच आतड्यात घडतात. तंबाखू, दारू आणि सुटलेले पोट हा धोका वाढवतात.

थोड्या घरांत मात्र चूक जन्मतःच मिळते. एपीसीचा बिघाड आईकडून किंवा वडिलांकडून आला, तर वयात येताना आतड्यात शेकडो पॉलिप होऊ लागतात, आणि उपचार न केल्यास चाळिशीच्या आसपास कर्करोग जवळजवळ ठरलेला. मुलगा असो की मुलगी, प्रत्येक अपत्याला ही चूक मिळण्याची शक्यता निम्मी. अशा घरातल्या मुलांची तपासणी दहा-बारा वर्षांपासूनच सुरू करतात. दुसरा प्रकार ‘लिंच सिंड्रोम’. त्यात नकलेतल्या चुका सुधारणारे जनुकच बिघडलेले असते. अशा घरांत पन्नाशीच्या आत आतड्याचा, आणि बायकांमध्ये गर्भपिशवीचाही, कर्करोग दिसतो. परळच्या टाटा मेमोरियलच्या खारघर येथील केंद्रात अशा कुटुंबांची जनुकीय तपासणी होते. मुलींची लग्ने अडतील म्हणून वडिलांचा किंवा आत्याचा आजार लपवणारी घरे आहेत. त्यामुळे ज्यांना वेळेत तपासून घेता आले असते त्या भावंडांना काही कळतच नाही.

आणखी एक अडचण कुणी बोलत नाही. सार्वजनिक संडासात अंधार आणि बाहेर रांग, अशा ठिकाणी वळून पाहणार कोण? तरी पाहावे. रक्त, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकलेला बदल, विनाकारण घटलेले वजन, किंवा पुरुषाचे आणि पाळी थांबलेल्या बाईचे हिमोग्लोबिन कमी येणे, यांतले काहीही असेल तर टॉनिक घेऊन थांबू नये. घाटकोपरला राजावाडी, अंधेरीकरांना कूपर, नाहीतर जवळच्या पालिका रुग्णालयात सर्जरीच्या ओपीडीत केसपेपर काढावा. बोटाने तपासायला दोन मिनिटे लागतात, आणि गुदाशयातली पुष्कळशी गाठ बोटालाच लागते. बायकांनी संकोच वाटल्यास लेडी डॉक्टर मागावी. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवावे, कारण महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत.

दुर्बिणीची तपासणी सांगितली, तर आदल्या दिवशी पातळ खाऊन जुलाबाचे औषध घ्यावे लागते. सामाईक संडास असलेल्या चाळीत ती रात्र अवघड जाते. ज्या नातेवाइकाच्या घरात स्वतःचा संडास आहे, त्याच्याकडे त्या रात्रीची सोय आधीच बोलून ठेवावी.