मेमरी कार्डाची निवड

ग्रामसभेचे चित्रण ज्या नखाएवढ्या मेमरी कार्डावर साठते, त्याच्या मुळाशी जपानच्या तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये मांडलेली फ्लॅश स्मृती आहे. वीज गेली तरी तिच्या सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार कोंडलेला राहतो. परंतु प्रत्येक पुनर्लेखनागणिक कप्पे झिजतात. म्हणून अहोरात्र चालणाऱ्या कॅमेऱ्यासाठी ‘हाय एन्ड्युरन्स’ असे छापलेले कार्डच घ्यावे. सी अक्षरातील १० हा आकडा सेकंदाला किमान १० मेगाबाइट लेखनाचा वेग दर्शवितो, साठवणक्षमता नव्हे. खरेदीत हा घोटाळा होतो. मालेगावकडील चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या कार्डातील विद्युतभार अधिक लवकर गळतो. ठरावाच्या चित्रणाची एकमेव प्रत अशा कार्डावर ठेवू नये. दुसरी हार्ड डिस्कवर, वेगळ्या इमारतीत असावी.