श्रेणिवाचक शब्दांचा सूचितार्थ

‘काही–सर्व’, ‘किंवा–आणि’, ‘शक्य–निश्चित’ यांसारखे शब्द अर्थबलाच्या चढत्या क्रमाने मांडता येतात. अशा श्रेणीतील दुर्बल शब्द वापरला असता सबल शब्दाचा निषेध सूचित होतो. त्यास श्रेणिवाचक शब्दाचा सूचितार्थ म्हणतात. ‘काही विद्यार्थी उत्तीर्ण झाले’ ह्या विधानावरून निदान एक विद्यार्थी तरी अनुत्तीर्ण झाला, असे श्रोता समजतो. तथापि हा निषेध ‘काही’ ह्या शब्दाच्या वाच्यार्थात समाविष्ट नाही. कारण ‘काही, किंबहुना सर्वच विद्यार्थी उत्तीर्ण झाले’ असे म्हणण्यात विसंगती नाही. हा सूचितार्थ केव्हा निष्पन्न होतो व केव्हा होत नाही, ह्याचे नियम निश्चित करणे हा आकारिक अर्थविचारातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे.

एकोणिसाव्या शतकात जॉन स्ट्यूअर्ट मिल ह्याने विल्यम हॅमिल्टनच्या तर्कशास्त्रावर टीका करताना हा भेद दाखविला होता. वक्त्यास ‘सर्व’ म्हणता आले असते तर त्याने तसे म्हटले असते, अशा अपेक्षेतून हा अर्थ उद्‌भवतो, असे त्याचे म्हणणे होते. ब्रिटिश तत्त्वज्ञ एच्. पी. ग्राइस (१९१३–८८) ह्याने हार्व्हर्ड विद्यापीठातील १९६७ च्या व्याख्यानांत ह्या अपेक्षेस संभाषणातील सहकार्याच्या तत्त्वाचा आधार दिला. लॉरेन्स हॉर्न ह्याने १९७२ मध्ये आपल्या प्रबंधात अशा श्रेणींची पद्धतशीर मांडणी केली, तर जेरल्ड गॅझ्डर ह्याने १९७९ मध्ये त्यांना आकारिक रूप दिले.

सबल असलेल्या प्रत्येक विधानाचा निषेध मात्र करता येत नाही. ‘सर्व’ हा ‘काही’ पेक्षा सबल पर्याय आहे. पण ‘काही, पण सर्व नव्हे’ हाही तसाच सबल आहे. ह्या दुसऱ्या पर्यायाचा निषेध केल्यास ‘सर्व’ असा अगदी उलट अर्थ हाती येतो. ह्यास सममितीची समस्या म्हणतात. रोनी कात्सीर ह्याने २००७ मध्ये सुचविलेल्या उपायानुसार मूळ वाक्यातील घटक वगळून किंवा बदलून मिळणारी, म्हणजे रचनेने मूळ वाक्याहून अधिक गुंतागुंतीची नसलेली वाक्येच पर्याय ठरतात. ‘काही’ च्या जागी ‘सर्व’ ठेवता येतो. ‘काही, पण सर्व नव्हे’ ही रचना अधिक जटिल असल्याने ती बाद होते.

दुसरे बंधन वाक्यरचनेचे आहे. ‘वीज किंवा पाणी बंद पडल्यास कळवावे’ ह्या सूचनेवरून दोन्ही बंद पडल्यास कळवू नये, असे कोणी समजत नाही. अटीच्या उपवाक्यात अर्थबलाचा क्रम उलटतो व ‘किंवा’ हाच सबल ठरतो. त्यामुळे ‘आणि’ चा निषेध सूचित होत नाही. तिसरे बंधन वक्त्याच्या ज्ञानाचे होय. निकालाची अर्धीच यादी पाहिलेल्या माणसाने ‘काही उत्तीर्ण झाले’ असे म्हटले, तर उरलेल्यांविषयी त्याचे अज्ञान तेवढे सूचित होते.

हा सूचितार्थ श्रोत्याच्या अनुमानाचे फळ आहे की व्याकरणाचे, ह्याविषयी मतभेद आहेत. जेन्नारो किएर्किया, डॅनी फॉक्स इ. अभ्यासक वाक्यात ‘फक्त’ ह्या अर्थाचा एक अनुच्चारित घटक मानतात. ‘प्रत्येक विद्यार्थ्याने काही प्रश्न सोडविले’ ह्यावरून एकाही विद्यार्थ्याने सर्व प्रश्न सोडविले नाहीत, असा अर्थ कधीकधी घेतला जातो. संपूर्ण विधानाच्या सबल पर्यायाचा निषेध केला, तर प्रत्येकाने सर्व प्रश्न सोडविले नाहीत, कोणीतरी अपवाद आहे, एवढेच सिद्ध होते. अशी उदाहरणे व्याकरणवादी पक्ष पुढे करतो. ग्राइसचे अनुयायी त्यांचा उलगडा संदर्भाच्या आधारे करतात.

ह्या वादाचे महत्त्व केवळ तात्त्विक नाही. सूचितार्थ केवळ अनुमानित असेल, तर शब्दशः खरे बोलून दिशाभूल करणाऱ्यास खोटे बोलणारा म्हणता येत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये ब्रॉन्स्टन खटल्यात हीच भूमिका घेतली. तेथील प्रश्न श्रेणिवाचक शब्दांचा नव्हता, तरी वाच्य व सूचित यांतील सीमारेषा तीच होती : शब्दशः खरे, पण फसवे उत्तर म्हणजे खोटी साक्ष नव्हे, ते उघड करून घेण्याची जबाबदारी उलट प्रश्न विचारणाऱ्या वकिलाची आहे, असा निर्णय न्यायालयाने दिला.