यंदाच्या सुट्टीत मुंबई की नागपूर?

परीक्षा आटोपल्या की नांदेड आणि लातूरच्या आमच्या वस्त्यांमधून दरवर्षी एक वाद रंगतो. सुट्टीत पोरांना न्यायचे कुठे? मुंबईला की नागपूरला? आई म्हणते, दीक्षाभूमीला जाऊ. पोरे म्हणतात, समुद्र पाहू. बाप तिकिटाचा आणि लॉजचा हिशेब मांडत बसतो. आणि आजी विचारते, "दोन्हीकडं तर आपण दरसाल जातोच की, मग पुन्हा कशाला?"

कोणी म्हणेल, अत्याचार, गायरान जमिनी, शिष्यवृत्ती असे प्रश्न समोर असताना चळवळीच्या दैनिकात सहलीच्या गप्पा कशाला? आमचे म्हणणे असे की, हाही चळवळीचाच विषय आहे. कारण सुट्टीचा प्रवास आमच्या समाजाला सहज मिळालेला नाही.

१९०१ सालची गोष्ट घ्या. बाबासाहेब तेव्हा अवघे नऊ-दहा वर्षांचे होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांकडे जायचे म्हणून भावंडे नवे कपडे, नव्या टोप्या घालून साताऱ्याहून निघाली. आगगाडीचा पहिलाच प्रवास! मसूर स्टेशनावर उतरल्यावर जात कळली आणि एकही गाडीवान बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने खाली चालायचे, या अटीवर पोरे निघाली. रात्रभर पाणी मिळाले नाही. डब्यात भाकरी होती, पण पाण्यावाचून ती उपाशीच झोपली. पुढे १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याबाहेरील हौदावर सर्वांनी हातपाय धुतले, तर पाणी बाटवले म्हणून जमाव धावून आला. पाण्याला शिवणार नाही असे कबूल केल्यावरच किल्ला पाहता आला, तोही सोबत शिपाई घेऊन. हे दोन्ही प्रसंग बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लिखाणात नोंदवले आहेत. एक सुट्टीचा प्रवास, दुसरी सहल. परदेशात शिकून आलेल्या बॅरिस्टरलाही आपल्या मराठवाड्यात साधी सहल सुखाने करता आली नाही, हे आमच्या पोरांना माहीत आहे काय?

आमच्या आजोबा-पणजोबांनी प्रवास केला तो पोटासाठी. १९७२ च्या दुष्काळात कित्येक कुटुंबे मुंबईला गेली ती जगायला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात विद्यापीठ नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आमची घरे पेटली, तेव्हा नांदेड-परभणीकडची माणसे गाव सोडून निघाली ती जीव वाचवायला. आज त्याच घरातला नातू शिक्षक आहे, नात परिचारिका आहे आणि ती पोरांना घेऊन चार दिवस फिरायला जायचे म्हणतात. याचा आम्हाला आनंदच आहे. म्हणून तर हे चार दिवस वाया जाऊ नयेत असे वाटते.

आजीचे म्हणणे खरे आहे. आपण ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जातो, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जातो. पण तेव्हा आपण काय पाहतो? रांग, मंडप, पुस्तकांचे स्टॉल आणि परतीच्या गाडीतली गर्दी. ते जाणे कर्तव्याचे आहे, ते चालूच राहिले पाहिजे. मात्र तेवढ्या गर्दीत लेकराचा हात सुटू नये याचीच काळजी जास्त. त्याला थांबून काही दाखवावे, त्याने प्रश्न विचारावा, आपण उत्तर द्यावे, याला वेळ कुठे असतो? ते काम सुट्टीतच होऊ शकते.

आता शहरांचे पाहू. प्रथम नागपूर. तुळजापूरहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा करीत नागपूरजवळच्या बुटीबोरीला लागतो. नांदेडहून हे अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे दोन-तीन दिवसांत जाऊन येता येते. १४ ऑक्टोबर १९५६ ची ती भूमी आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते लोकार्पण झालेला तो भव्य स्तूप गर्दी नसताना शांतपणे पाहणे हा वेगळाच अनुभव आहे. जवळच चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू जपलेल्या आहेत. कामठीचे ड्रॅगन पॅलेस आहे. जुलै १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना याच शहरात झाली, हेही पोरांना सांगण्यासारखे. अडचण एकच, मे महिन्यातले नागपूरचे ऊन! लहान लेकरे आणि म्हातारी माणसे घेऊन तिथे दुपारी हिंडणे शक्य नाही.

मुंबई दूर आहे आणि महागही आहे. नांदेडहून रेल्वेने सुमारे सहाशे किलोमीटर. दिवसाची तपोवन, रात्रीची देवगिरी. लातूरकरांना रात्री बसले की सकाळी मुंबई, अशी त्यांची हक्काची गाडी. २०१७ मध्ये ती बिदरपर्यंत नेली तेव्हा लातूरकरांनी आंदोलन केले होते, इतका तिच्यावर जीव! पण मुंबईत दाखवायचे काय? गेटवे, राणीचा बाग, चौपाटी? तेही दाखवा. पोरांना समुद्र पाहण्याचा पूर्ण हक्क आहे. मात्र तेवढेच पाहून परत येऊ नका.

आमच्या लातूर-नांदेडची ओळख आज शिकवणीची शहरे अशी झाली आहे. लातूर पॅटर्नच्या नावाने खेड्यापाड्यांतली पोरे दहा बाय दहाच्या खोलीत राहून डॉक्टर-इंजिनिअर होण्यासाठी रात्रंदिवस घोकतात. गुण एक-दोन कमी पडले की कोमेजतात, काही तर नको ते करून बसतात. या पोरांना आम्ही बाबासाहेब दाखवतो ते फोटोतले, निळ्या कोटातले, हातात संविधान घेतलेले. या पोरांसारखाच अपुऱ्या जागेत अभ्यास करणारा भीमराव आम्ही त्यांना दाखवलाच नाही. तो भीमराव मुंबईत भेटतो.

परळच्या चाळीत एका खोलीत सारे कुटुंब राही. वडील रामजी मध्यरात्रीनंतर मुलाला अभ्यासाला उठवत. घरात जागा नाही म्हणून भीमराव शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. तिथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्याच्यावर पडली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. १९५६ च्या धम्मक्रांतीचे एक बीज असे मुंबईच्या एका बागेत पडले. त्याच मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूल आहे. तिथे भीमराव फळ्याकडे निघाला, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे उचलायला वर्गातली मुले धावली होती. परळच्या पोयबावडी भागातली बीआयटी चाळ पाहा. ५० आणि ५१ क्रमांकाच्या त्या दोन खोल्यांत संसारही होता आणि अभ्यासही. छत्रपती शाहू महाराज त्यांना भेटायला आले ते याच चाळीत. मग दादरला राजगृह पाहा, पुस्तकांसाठी बांधलेले घर. फोर्टात सिद्धार्थ महाविद्यालय पाहा, १९४६ चे. एक दिवस कान्हेरी लेण्यांना द्या, फक्त सोमवारी उद्यान बंद असते हे लक्षात ठेवा. आणि जमले तर घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरातही जा. ११ जुलै १९९७ च्या गोळीबारात तिथे १० जणांचे प्राण गेले. चाळीत आणि वस्तीत माणसे राहतात, म्हणून विचारून, आवाज न करता जावे.

मग निवड कोणती? आठवी ते बारावीतले मूल घरात असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर आमचे मत स्पष्ट आहे, आधी मुंबई. दीक्षाभूमीवर आपण दीक्षेने पोहोचलेलो आहोतच. तिथवर पोहोचण्याआधी त्या माणसाने किती जागरणे केली, किती अपमान गिळले, हे पोराला एकदा पायी फिरून कळू द्या. नागपूरसाठी दिवाळीची सुट्टी ठेवा, तेव्हा ऊनही नसते. ज्यांचे हातावर पोट आहे, जे किनवट-माहूरकडे राहतात, त्यांनी मुंबईसाठी कर्ज काढू नये. त्यांना नागपूर जवळ आहे, आणि १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाल्याने आईचा आणि लेकीचा खर्चही कमी झाला आहे.

आमची वस्तीतल्या मंडळांना आणि महिला मंडळांना विनंती आहे. जयंतीच्या वर्गणीतून डीजेवर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढा आणि ज्यांना परवडत नाही अशी दहा पोरे सोबत न्या. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते, म्हणजे मे महिन्याचे तिकीट मार्चमध्येच काढावे लागेल. चर्नी रोडच्या बागेत पोरांना घटकाभर बसवा, सोबत एकेक वही द्या आणि काय पाहिले ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. परत आल्यावर बुद्धविहारात सर्वांसमोर ते वाचून दाखवू द्या.

जयभीम!