झेंडा उतरला, बंदूक तशीच!

१० जुलै २०१५. अमेरिकेतल्या साऊथ कॅरोलायना राज्याची राजधानी कोलंबिया. सकाळी दहाच्या सुमारास विधानभवनासमोर तुफान गर्दी होती. काही मिनिटांतच तिथला एक झेंडा खाली आला, त्याची गुंडाळी झाली आणि तो थेट म्युझियममध्ये रवाना झाला. टीव्ही चॅनेल्स लाइव्ह दाखवत होते.

त्याच दिवशी तिकडे वॉशिंग्टनमध्ये एफबीआयचे प्रमुख जेम्स कोमी पत्रकारांना वेगळंच काही सांगत होते. ज्या पिस्तुलाने चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ माणसं मारली गेली, ते मारेकऱ्याच्या हातात पडायलाच नको होतं. सरकारी तपासणीत ते अडायला हवं होतं, ते अडलं नाही.

दोन्ही बातम्या एकाच हत्याकांडातून आलेल्या. पहिली जगभर गाजली. दुसरीचं पुढे काय झालं?

आधी घटना काय होती ते बघू. १७ जून २०१५ ला बुधवारी संध्याकाळी चार्ल्सटनच्या ‘इमॅन्युएल एएमई’ या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक चर्चमध्ये बायबलचा अभ्यासवर्ग चालू होता. एक २१ वर्षांचा गोरा मुलगा आत आला. मंडळींनी त्याला आपल्यात बसवून घेतलं. बराच वेळ तो बसला, आणि मग त्याने पिस्तूल काढलं. (त्याचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही.) मेलेल्या नऊ जणांत चर्चचे पाद्री आणि राज्याचे सिनेटर क्लेमेंटा पिंकनी होते. नंतर मारेकऱ्याचे फोटो बाहेर आले. एका हातात पिस्तूल, दुसऱ्या हातात कॉन्फेडरेट झेंडा. अमेरिकेत झेंडा आणि बंदूक हे दोन्ही वाद एकदम पेटले ते या फोटोंमुळे.

हा झेंडा म्हणजे लाल रंगावर निळी फुली आणि फुलीत पांढरे तारे. गुलामगिरी टिकावी म्हणून दक्षिणेतली ११ राज्यं अमेरिकेतून फुटली आणि १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तेव्हाचा दक्षिणेच्या सैन्याचा हा रणझेंडा. समर्थक म्हणतात, हा आमच्या पूर्वजांचा वारसा आहे. पण साऊथ कॅरोलायनाच्या विधानभवनाच्या घुमटावर तो चढला कधी? १९६१ मध्ये. निमित्त युद्धाच्या शताब्दीचं होतं, पण तेव्हा कृष्णवर्णीय आपल्या हक्कांसाठी रस्त्यावर उतरले होते. त्यांना हा झेंडा काय सांगत होता, हे वेगळं सांगायला नको. २००० मध्ये बऱ्याच दबावानंतर तो घुमटावरून उतरवून समोरच्या आवारात लावला, आणि सोबत कायदा केला की दोन तृतीयांश मतांशिवाय त्याला हात लावायचा नाही.

त्यामुळे हत्याकांडानंतर विचित्र प्रकार झाला. घुमटावरचे देशाचे आणि राज्याचे झेंडे अर्ध्यावर आले, पण हा मात्र पूर्ण उंचीवर फडकत राहिला. एक तर कायद्याची आडकाठी, आणि दुसरं म्हणजे काठीला कप्पीच नव्हती! पिंकनींची शवपेटी विधानभवनात आणली तेव्हा खिडकीतून हा झेंडा दिसू नये म्हणून खिडकीला काळं कापड लावावं लागलं.

२७ जूनला पहाटे ब्री न्यूसम नावाची तिशीतली कार्यकर्ती हेल्मेट-हार्नेस घालून सरळ त्या काठीवर चढली आणि तिने झेंडा काढून घेतला. खाली पोलीस ‘उतर’ म्हणून ओरडत होते. ती उतरली आणि अटक झाली. थोड्याच वेळात सरकारने झेंडा परत लावला. पण काठीवर चढलेल्या त्या मुलीचा फोटो तोपर्यंत सगळीकडे पोचला होता.

गव्हर्नर होत्या निकी हेली, रिपब्लिकन पक्षाच्या, पंजाबी शीख आईवडिलांची मुलगी. २०१४ च्या निवडणुकीतल्या डिबेटमध्ये याच बाईंनी सांगितलं होतं की एकाही कंपनीच्या सीईओने झेंड्याबद्दल आपल्याकडे तक्रार केलेली नाही. हत्याकांडानंतर मात्र त्यांनी स्वतःच तो उतरवण्याची मागणी केली. वॉलमार्ट, ॲमेझॉन, ईबे यांनी त्याची विक्री थांबवली. रिपब्लिकन बहुमताच्या सभागृहात मध्यरात्रीनंतर ९४ विरुद्ध २० मतांनी ठराव पास झाला. हत्याकांडापासून झेंडा उतरेपर्यंत अवघे २३ दिवस.

आता पिस्तुलाकडे वळू.

अमेरिकेत परवानाधारक दुकानातून बंदूक घेताना बॅकग्राउंड चेक होतो. १९९३ च्या ब्रेडी कायद्यामुळे हे आलं. पण कायद्यात एक पळवाट आहे. तीन कामकाजाच्या दिवसांत सरकारकडून उत्तर आलं नाही, तर दुकानदार बंदूक देऊ शकतो. म्हणजे ‘हो’ किंवा ‘नाही’ येण्याची गरजच नाही, गप्प राहणं म्हणजे ‘हो’! मारेकरी ११ एप्रिलला दुकानात गेला. त्याने ड्रग्ज बाळगल्याचं कबूल केल्याची नोंद पोलिसांकडे होती, आणि तेवढ्यावर त्याला नकार मिळाला असता. पण त्याला पकडलं कुठल्या पोलिसांनी, हेच नोंदीत चुकीचं होतं. विचारणा भलत्याच ठिकाणी होत राहिली. १६ एप्रिलला फाइल अजून ‘पेंडिंग’ होती, म्हणून दुकानदाराने पिस्तूल देऊन टाकलं. तेही कायदेशीरपणे. पुढे पीडितांच्या खटल्यात अमेरिकन सरकारने २०२१ मध्ये ८ कोटी ८० लाख डॉलर्सवर तडजोड केली. ८८ हा गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा लाडका आकडा, आणि मारेकऱ्याने सोबत गोळ्याही तेवढ्याच नेल्या होत्या. भरपाईचा आकडा त्यावरूनच निवडला, असं वकिलांनी सांगितलं.

ही पळवाट ‘चार्ल्सटन लूपहोल’ म्हणून ओळखली जाते. ती बंद करणारं विधेयक अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात २०१९ ला पास झालं आणि २०२१ ला परत पास झालं. दोन्ही वेळा सिनेटमध्ये अडकलं. २०२२ च्या नव्या कायद्याने तपासाची मुदत वाढवली, पण फक्त २१ वर्षांखालच्या ग्राहकांसाठी. चार्ल्सटनचा मारेकरी पिस्तूल घेताना २१ पूर्ण होता, म्हणजे त्याला या कायद्याने काहीच फरक पडला नसता.

असं का? मला वाटतं, झेंडा उतरवल्याने कुणाच्या घरातून काही जात नाही. उलट तो ठेवल्याने कंपन्यांची बदनामी होते, गुंतवणूक हुकू शकते. बंदुकीचं तसं नाही. तिथे आडवी येते १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती. शिवाय २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे. नागरिकांच्या हातात ३९ कोटींहून जास्त बंदुका असाव्यात, असा २०१७ चा एक अंदाज आहे. माणशी एकाहून जास्त! त्यात सिनेटमध्ये बहुतेक विधेयकांना ५१ नाही, ६० मतं लागतात. २०१२ मध्ये सँडी हूक शाळेत २० चिमुरडी मारली गेली, तरी बॅकग्राउंड चेक वाढवण्याची दुरुस्ती ५४ विरुद्ध ४६ अशी ‘जिंकून’ हरली.

आणि बंदूकवाले सगळे वेडे, असं म्हणून मोकळंही होता येत नाही. पोलीस ठाणं मैलोन्‌मैल लांब असलेल्या गावातल्या माणसाचा युक्तिवाद खोटा नसतो. मार्टिन ल्युथर किंग यांच्या घरावर १९५६ मध्ये बॉम्ब पडला, तेव्हा त्यांनीसुद्धा पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. तो नाकारला गेला, ही गोष्ट वेगळी.

तरी कॅम्पसवरची मुलं गप्प नाहीत. मिसिसिपी राज्याच्या अधिकृत झेंड्याच्याच कोपऱ्यात १८९४ पासून कॉन्फेडरेट चिन्ह होतं. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या विद्यार्थी सिनेटने ठराव केला की हा झेंडा आमच्या कॅम्पसवर नको, आणि काही दिवसांत तो उतरला. हे तेच विद्यापीठ, जिथे १९६२ मध्ये पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून दंगल होऊन दोघांचा जीव गेला होता. २०२० मध्ये मिसिसिपी स्टेटचा फुटबॉलपटू कायलिन हिल याने ट्वीट केलं की झेंडा बदला, नाहीतर मी या राज्यासाठी खेळणार नाही. तिथे फुटबॉल म्हणजे आपलं क्रिकेट! जॉर्ज फ्लॉइड प्रकरणाने वातावरण तापलेलं होतंच. आठवड्याभरात दोन्ही सभागृहांनी जुना झेंडा रद्द केला.

बंदुकीबाबतही एवढी घाई एकदा दिसली. १४ फेब्रुवारी २०१८ ला फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत १७ जण मारले गेले. वाचलेली मुलं थेट राज्याच्या राजधानीत जाऊन धडकली. तीन आठवड्यांतच फ्लोरिडाने बंदूक खरेदीचं वय २१ केलं आणि तीन दिवस थांबण्याचा नियम आणला. तेही रिपब्लिकन राज्यात. वॉशिंग्टनमध्ये अडलेलं काम राज्याच्या पातळीवर झालं.

पण राज्यं उलट्या दिशेनेही जातात. आपल्यातले जे एमएससाठी टेक्सासची कॉलेजं शोधतायत त्यांनी हे माहीत करून घ्यावं की तिथल्या सरकारी विद्यापीठांत परवाना असलेली व्यक्ती पिस्तूल लपवून वर्गात आणू शकते. हा कायदा लागू झाला १ ऑगस्ट २०१६ ला. बरोबर ५० वर्षांपूर्वी, त्याच तारखेला, ऑस्टिनच्या विद्यापीठाच्या टॉवरवरून एकाने खालच्या लोकांवर गोळीबार केला होता.

आणि साऊथ कॅरोलायना? तिथे मार्च २०२४ मध्ये नवा कायदा आला. आता प्रौढ माणसाला पिस्तूल घेऊन फिरायला परवाना लागत नाही.