एकतर्फी प्रश्नावली आणि लोकप्रतिनिधीला पत्र

अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात ४३५ सदस्य असतात आणि २०२० च्या जनगणनेनुसार प्रत्येकाच्या मतदारसंघात सरासरी साडेसात लाखांहून अधिक लोक राहतात. एवढ्या लोकांचे मत जाणून घेण्याची एक जुनी रीत म्हणजे घरोघरी टपालाने प्रश्नावली पाठवणे. कर, आरोग्य विमा, स्थलांतर, बंदुकांचे परवाने अशा विषयांवर आठ-दहा प्रश्न, त्यापुढे खुणा करायला चौकोन आणि शेवटी सदस्याची सही, असे तिचे रूप असते. अलीकडे हीच प्रश्नावली ईमेलनेही येते. प्रश्न सरळ असतील तर ती उपयोगाची ठरते. पण पुष्कळदा प्रश्नाची रचनाच अशी असते की पाठवणाऱ्याला हवे तेच उत्तर मिळावे. अशी प्रश्नावली हाती पडली की बहुतेक जण ती भरून टाकतात किंवा केराच्या टोपलीत टाकतात. प्रतिनिधीला पत्र लिहून प्रश्नावरच आक्षेप घेणे हा तिसरा मार्ग आहे आणि तो अधिक परिणामकारक ठरू शकतो.

पत्र कोणाला लिहायचे हे प्रश्नावली कोणाकडून आली यावर ठरते. वरकरणी सारखे दिसणारे तीन प्रकार प्रत्यक्षात वेगळे आहेत.

पहिला प्रकार सरकारी खर्चाने पाठवलेल्या प्रश्नावलीचा. अमेरिकी संसदेच्या सदस्यांना कामकाजाचे टपाल तिकिटाऐवजी स्वतःच्या सहीवर पाठवण्याची सवलत पहिल्या संसदेने १७८९ मध्येच दिली. १८७३ मध्ये ती रद्द झाली, पण पुढे टप्प्याटप्प्याने परत आली. हा खर्च करदात्यांच्या पैशातून होतो, म्हणून त्यावर बंधने आहेत. ५०० हून अधिक लोकांना एकच मजकूर पाठवायचा असेल तर तो मोठ्या प्रमाणावरचे टपाल मानला जातो. सदस्य स्वतः उमेदवार असेल तर निवडणुकीआधीच्या ६० दिवसांत असे टपाल पाठवता येत नाही. सदस्यांच्या अशा पत्रव्यवहारावर प्रतिनिधीगृहाचा एक द्विपक्षीय आयोग देखरेख ठेवतो. सरकारी पैशातून निवडणूक प्रचार होऊ नये, हा या देखरेखीचा मुख्य हेतू. एखादा प्रश्न सर्वेक्षणशास्त्राच्या कसोटीला उतरतो की नाही, हे ठरवण्यासाठी ती व्यवस्था उभारलेली नाही.

दुसरा प्रकार पक्षांच्या प्रश्नावलीचा. तिच्या शेवटी देणगीचा रकाना असतो आणि खरा उद्देश तोच असतो. २०१० मध्ये देशाची जनगणना सुरू होण्याच्या सुमारास रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीने मतदारसंघाची ‘जनगणना’ अशा नावाने प्रश्नावल्या पाठवल्या. लोकांची दिशाभूल होते म्हणून दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी आक्षेप घेतला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये कायदा झाला. पाकिटावर ‘जनगणना’ हा शब्द दिसत असेल तर पाठवणाऱ्याचे नाव, पत्ता आणि केंद्र सरकारशी संबंध नसल्याचा खुलासा पाकिटाच्या बाहेरच छापणे त्याने बंधनकारक केले. देणगीसाठी प्रश्नावली पाठवण्याची सवय मात्र दोन्ही मोठ्या पक्षांना आहे.

तिसरा प्रकार फोनवरचा. सर्वेक्षण असल्याचे सांगून प्रश्नाच्या आडून विरोधी उमेदवाराची बदनामी करायची, हा त्याचा गाभा. अशा फोनवर उत्तरे नोंदवण्यात कोणाला रस नसतो, हजारो लोकांच्या कानावर आरोप जाणे पुरेसे असते. २००० साली साउथ कॅरोलिनातील प्राथमिक निवडणुकीत अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढणारे जॉन मॅकेन यांच्याविरुद्ध असे फोन झाल्याचा आरोप गाजला होता. अमेरिकेतील जनमत संशोधकांच्या संघटनेने या प्रकाराचा स्पष्ट शब्दांत निषेध केला आहे.

पहिल्या प्रकाराबद्दलचे पत्र सदस्याच्या संसदीय कार्यालयाला लिहावे. दुसऱ्याबद्दलचे पत्र पक्षाला किंवा सदस्याच्या प्रचार कार्यालयाला लिहावे लागते, कारण सरकारी कार्यालयाने प्रचाराची कामे करू नयेत असा नियम आहे.

प्रश्नावली एकतर्फी होण्याच्या चार वाटा आहेत. पहिली वाट प्रश्नाच्या शब्दांतून जाते. इराक युद्धाच्या तोंडावर, जानेवारी २००३ मध्ये, प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीत ६८ टक्के अमेरिकनांनी सद्दाम हुसेन यांची राजवट संपवण्यासाठी लष्करी कारवाई करण्याला पाठिंबा दिला. अमेरिकेचे हजारो सैनिक हताहत झाले तरी चालेल का, अशी जोड त्याच प्रश्नाला दिल्यावर पाठिंबा ४३ टक्क्यांवर आला. दुसरी वाट पर्यायांची. ‘पूर्ण सहमत’, ‘काहीसा सहमत’ आणि ‘सांगता येत नाही’ एवढेच चौकोन दिले तर असहमत माणसाला खूण करायला जागाच उरत नाही. तिसरी वाट क्रमाची. आधीच्या तीन प्रश्नांत गुन्हेगारीची वर्णने केली की चौथ्या प्रश्नातील पोलीस खर्चाचे उत्तर त्या भीतीतून येते. चौथी वाट उत्तर देणाऱ्यांची. प्रश्नावली हजारो घरांत गेली तरी ती भरून परत पाठवणारे थोडे असतात आणि त्यांत सदस्याचे समर्थक किंवा त्या विषयावर तावातावाने बोलणारेच जास्त असतात.

उत्तरे पुष्कळ आली म्हणून हा शेवटचा दोष भरून निघत नाही. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांवरून साप्ताहिकाने आल्फ्रेड लँडन यांच्या विजयाचे भाकीत केले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. कितीतरी लहान नमुन्यावर काम करणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी मात्र विजेता बरोबर सांगितला होता.

शब्दांचा दोष आणि उत्तर देणाऱ्यांचा दोष वेगवेगळा मोजून दाखवणारे उदाहरण १९९३ चे आहे. आदल्या वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक अपक्ष म्हणून लढवलेले उद्योगपती रॉस पेरो यांनी ‘टीव्ही गाइड’ या मोठ्या खपाच्या साप्ताहिकात प्रश्नावली छापून लोकांची उत्तरे टपालाने मागवली. विशिष्ट हितसंबंधी गटांनी उमेदवारांना प्रचंड रकमा देण्याची शक्यताच संपवणारे कायदे करावेत का, असा एक प्रश्न होता. आलेल्या उत्तरांपैकी ९९ टक्के ‘होय’ होती. जनमत संशोधकांनी तोच प्रश्न शास्त्रीय पद्धतीने निवडलेल्या लोकांना विचारला तेव्हा ‘होय’ म्हणणारे ८० टक्के निघाले. मग शब्द बदलून विचारले की अशा गटांनी प्रचाराला पैसे देण्यावर बंदी घालावी, की आपल्या पसंतीच्या उमेदवाराला मदत करण्याचा त्यांना हक्क आहे? तेव्हा बंदीच्या बाजूने ४० टक्केच उरले. विषय एकच, पण ९९ आणि ४० यांतील अंतर उत्तरे कोणी दिली आणि प्रश्न कसा विचारला यांतून आले.

म्हणून अशा प्रश्नावलीवर नुसती ‘नाही’ची खूण करून फारसे साधत नाही. ती खूण बेरजेत जाते आणि तयार होणारा आकडा पुढे ‘माझ्या मतदारसंघातील एवढे टक्के लोक म्हणतात’ या वाक्यात वापरता येतो. पत्र मात्र बेरजेत विरघळत नाही. सदस्याच्या कार्यालयात मतदारांची पत्रे वाचून विषयवार नोंद करण्यासाठी कर्मचारी असतात. त्यांच्यापुढे नेमका आक्षेप लेखी आला की त्याची नोंद होते आणि बहुधा उत्तरही येते.

अशा पत्राची मांडणी सोपी आहे. सुरुवातीला नाव आणि पूर्ण पत्ता द्यावा. आपल्या मतदारसंघाबाहेरच्या पत्रांना सदस्यांची कार्यालये सहसा उत्तर देत नाहीत, त्यामुळे पत्ता हीच पत्राची ओळख असते. पत्र लिहिण्यासाठी मतदार असण्याची अट नाही. त्या मतदारसंघात राहणाऱ्या, अजून नागरिकत्व न मिळालेल्या मराठी कुटुंबालाही ते लिहिता येते. त्यानंतर प्रश्नावली कधी आली ते सांगून आक्षेपार्ह प्रश्न जसाच्या तसा उतरवावा. मग दोष कुठे आहे ते एक-दोन वाक्यांत दाखवावे.

समजा, प्रश्न असा आहे: ‘तुमच्या कराच्या पैशाची निरुपयोगी योजनांवरची उधळपट्टी थांबवण्यासाठी सरकारी खर्चात कपात व्हावी असे तुम्हाला वाटते का?’ यात योजना निरुपयोगी आहेत हे आधीच गृहीत धरले आहे आणि उधळपट्टी चालू राहावी असे कोणीच म्हणणार नाही. विरुद्ध बाजूचा प्रश्नही तितकाच सदोष असू शकतो: ‘वृद्धांची औषधे आणि गरीब मुलांचे शाळेतील जेवण हिरावून घेणारी कपात तुम्हाला मान्य आहे का?’ याऐवजी ‘पुढील वर्षी केंद्र सरकारचा एकूण खर्च वाढावा, आहे तेवढाच राहावा की कमी व्हावा?’ असे विचारता येईल आणि कोणत्या खात्यात बदल व्हावा, हा त्याला जोडून दुसरा प्रश्न ठेवता येईल. पत्रात असा पर्यायी प्रश्न सुचवला की तक्रारीला वजन येते. तो विरोधी मताच्या माणसालाही रास्त वाटायला हवा.

पुढच्या परिच्छेदात माहिती मागावी. किती प्रश्नावल्या पाठवल्या, किती परत आल्या, निष्कर्ष कुठे आणि कशासाठी वापरणार, आणि ते मतदारसंघाचे मत म्हणून मांडले जाणार आहेत का? विषयावरचे स्वतःचे मत शेवटी, वेगळे लिहावे. आक्षेप आणि मत एकत्र आले की कर्मचारी पत्राची नोंद ‘विरोधात’ एवढीच करण्याचा धोका असतो. भाषा आदराची ठेवावी, पत्र एका पानात संपवावे आणि प्रत जवळ ठेवावी. २००१ मध्ये टपालातून झालेल्या अँथ्रॅक्स हल्ल्यानंतर वॉशिंग्टनला संसदेकडे जाणारे टपाल तपासणीतून जाते आणि त्याला वेळ लागतो. त्यामुळे सदस्याच्या मतदारसंघातील कार्यालयाचा पत्ता किंवा त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरील अर्ज अधिक सोयीचा पडतो. उत्तर ठरावीक साच्यातले आले तर तोच प्रश्न जाहीर सभेत विचारता येतो किंवा स्थानिक वृत्तपत्राच्या पत्रव्यवहारात मांडता येतो.

भारतात खासदाराने घरोघरी प्रश्नावली पाठवण्याची रीत रुजलेली नाही, पण मोबाइलने ती वाट मोकळी केली आहे. नोटाबंदीनंतर नोव्हेंबर २०१६ मध्ये पंतप्रधानांच्या नावाच्या अ‍ॅपवर दहा प्रश्नांची पाहणी झाली. पाच लाखांहून अधिक लोकांनी भाग घेतला आणि ९० टक्क्यांहून अधिक लोकांचा निर्णयाला पाठिंबा असल्याचे जाहीर झाले. नोटाबंदीमुळे घर, उच्च शिक्षण आणि आरोग्यसेवा सामान्यांच्या आवाक्यात येतील का, या प्रश्नाला सहमतीचे दोन पर्याय आणि ‘सांगता येत नाही’ असा तिसरा होता. असहमतीचा पर्याय नव्हता. शिवाय स्मार्टफोन असलेले आणि ते अ‍ॅप घेतलेलेच लोक उत्तर देऊ शकत होते. शब्द, पर्याय आणि उत्तर देणारे, तिन्ही बाबतींत समीक्षकांनी त्या वेळी आक्षेप घेतले.

सरकारकडे दाद मागण्याचा हक्क अमेरिकेत संविधानाच्या पहिल्या दुरुस्तीने दिला आहे. भारतीय संविधानाचे ३५० वे कलम केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे वा प्राधिकाऱ्याकडे तक्रारीचे निवेदन देण्याची मुभा देते, आणि ते केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. महाराष्ट्रातील खासदार-आमदारांना मराठीत पत्र लिहिण्याला तर काहीच आडकाठी नाही. पुढच्या वेळी टक्केवारीचा आकडा समोर आला की प्रश्न काय होता, पर्याय कोणते होते आणि उत्तरे कोणी दिली, हे तीन प्रश्न आपल्या प्रतिनिधीला लेखी विचारावेत.