पापणीवरचा पिवळा चट्टा काय सांगतो?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीत तपासणी शिबिर होते. रक्तदाब मोजायचा आणि साखर बघायची, एवढेच काम. रांगेतली पंचेचाळिशीची एक बाई बाही वर करता करता हळूच म्हणाली, "सिस्टर, बीपीचं राहू द्या. हे डाग जातील असं एखादं मलम सांगा. पुढच्या महिन्यात लेकीचं लग्न आहे, फोटोत दिसतात."

दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापण्यांवर, नाकाच्या बाजूला, लोण्याचा गोळा चपटा करून चिकटवावा तसे पिवळसर चट्टे. ना खाज, ना दुखणे. कुणी तिला चुना लावायला सांगितले होते, कुणी लसणाचा रस. मी विचारले, "घरात कुणाला हार्टचा त्रास?"

"भाऊ गेला. अडतीस वर्षांचा होता. गॅस झाला होता म्हणे."

वाचक बंधू-भगिनींनो, हा 'गॅस' आपल्या घरांतून किती तरण्याताठ्या माणसांना घेऊन गेला आहे! म्हणून आज या चट्ट्यांविषयी लिहिते आहे.

हे चट्टे म्हणजे काय?

रक्तातली चरबी, विशेषतः कोलेस्टेरॉल, कातडीखाली साठली की असे पिवळे चट्टे किंवा गाठी होतात. वैद्यकीय भाषेत त्यांना 'झॅन्थोमा' म्हणतात. पापणीवरच्या चट्ट्यांचे नाव 'झॅन्थेलाझ्मा'. हा संसर्ग नाही, त्यामुळे एकाचा दुसऱ्याला लागत नाही. नजर लागल्याने किंवा कुणाच्या शापानेही होत नाही.

एक घोटाळा आधी दूर करू. हातावर, पाठीवर कातडीखाली हलणारी मऊ चरबीची गाठ असते, ती 'लायपोमा'. तिचा कोलेस्टेरॉलशी संबंध नसतो. चामखिळीचाही नसतो.

पापणीवर चट्टे असलेल्या साधारण निम्म्या लोकांचे कोलेस्टेरॉल तपासणीत ठीक निघते. म्हणून चट्टा दिसला की घाबरून जायचे कारण नाही. पण दुर्लक्ष करायचेही नाही. डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात १९७६ पासून सुमारे १२,७०० लोकांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले. २०११ साली त्याचे निष्कर्ष आले. कोलेस्टेरॉलसारखी इतर कारणे हिशेबात धरूनही, पापणीवर चट्टे असलेल्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका इतरांच्या जवळपास दीडपट दिसला.

कुठे कुठे बघायचे?

पापणीशिवाय आणखी काही जागा आहेत.

टाचेमागची जाड दोरीसारखी शीर आणि हाताच्या बोटांचे सांधे: इथे टणक गाठी आल्या, शीर जाड झाली, तर ते जन्मजात कोलेस्टेरॉल वाढीचे मोठे लक्षण आहे.

कोपर आणि गुडघे: इथेही पिवळट गाठी येतात. लहान मुलाच्या अंगावर दिसल्या तर एक दिवसही थांबू नका.

बुबुळाभोवती पांढरट कडे: म्हातारपणी ते अनेकांना असते. पंचेचाळिशीच्या आत दिसले तर रक्त तपासा.

ढुंगण, मांड्या, कोपर यांवर अचानक उठलेले बारीक लालसर-पिवळे पुरळ: हे बहुधा ट्रायग्लिसराइड्स नावाची चरबी १००० च्या पुढे गेल्यावर येते. ती १५० च्या आत असावी लागते. साखर फार वाढलेली असते किंवा दारू जास्त असते, तेव्हा असे होते. माणूस घामोळे समजून पावडर लावत बसतो आणि एक दिवस स्वादुपिंडाला सूज येऊन पोट धरून दवाखान्यात येतो. अशा रुग्णाचे रक्त नळीत ठेवले की वर दुधासारखा थर दिसतो. साखर आणि चरबी आटोक्यात आली की हे पुरळ काही आठवड्यांत आपोआप जाते.

दोष यकृताच्या दारात

रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, उचलून आत घेण्यासाठी यकृताच्या पेशींवर जणू दारे असतात. ही दारे शोधल्याबद्दल ब्राऊन आणि गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांना १९८५ साली नोबेल मिळाले. काही घराण्यांत ही दारे जन्मतःच कमी असतात. मग कोलेस्टेरॉल रक्तातच फिरत राहते आणि हृदयाच्या नळ्यांत साठते. साधारण २५० ते ३०० माणसांत एकाला हा दोष असतो. आई किंवा बाप यांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी.

मामाच्या मुलीशी लग्न करण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. एकाच रक्तातले नवरा-बायको दोघेही हा दोष घेऊन आले, तर एखाद्या मुलाला तो दुहेरी मिळतो. अशा मुलाच्या अंगावर लहानपणीच गाठी येतात आणि उपचार न झाल्यास विशीच्या आत झटका येऊ शकतो.

इथे माझीच एक चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी एका हमालाच्या पायाचे ड्रेसिंग करायची. टाचेमागची त्याची शीर दोन्ही पायांना बोटभर जाड, बोटांच्या सांध्यांवर गाठी. "ओझ्यानं झालं असेल," तो म्हणाला आणि मीही मान हलवली. वर्षभरात तो छातीत कळ येऊन आला, परत गेला नाही. चाळिशीही गाठली नव्हती. पुस्तकात वाचलेली खूण समोर होती, मी जखम तेवढी बांधली. तेव्हापासून रुग्णाचे हात-पाय आणि डोळे बघितल्याशिवाय मी त्याला सोडत नाही.

काय करायचे?

'लिपिड प्रोफाइल' ही रक्ततपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयात चौकशी करा. ट्रायग्लिसराइड्स वाढलेले असतील तर ती उपाशीपोटी करतात. एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असेल तर जन्मजात दोषाची शंका घ्यावी. सोबत साखर, थायरॉइड, यकृत आणि मूत्रपिंड तपासावे, कारण त्यांच्या आजारांतही चरबी वाढते.

दोष निघाला तर घरातल्या सर्वांचे, मुलांचेही, रक्त तपासा. बारीक माणसालाही हा दोष असतो, म्हणून अंगकाठीवर जाऊ नका.

वडे-भजी तळलेले तेल पुन्हा वापरू नका, वनस्पती तूप टाळा, तंबाखू आणि दारू सोडा, डाळ-भाजी-भाकरी वाढवा, रोज चाला. पण जन्मजात दोषात केवळ पथ्याने भागत नाही. स्टॅटिनची गोळी लागते. जनऔषधी केंद्रात ती स्वस्त मिळते. "एकदा सुरू केली की सुटत नाही," असे लोक म्हणतात. अहो, चष्मा तरी कुठे सुटतो? अंग फार दुखले तर डॉक्टरांना सांगा, मनाने गोळी बंद करू नका. गरोदर असाल किंवा मूल हवे असेल तर आधीच सांगा.

आणि चट्टे? लेसरने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने काढता येतात, पण पुन्हा येऊ शकतात. आपल्या सावळ्या कातडीवर डागही राहू शकतो. चुना, लसूण, ॲसिड पापणीला लावू नका, डोळा जाईल. आधी रक्त, मग चेहरा.

त्या बाईचे एलडीएल २३६ निघाले. लग्नाच्या गडबडीतही तिने दोन्ही मुलांना आणले. मुलगी ठीक. सतरा वर्षांच्या मुलाचे २०४. त्याला एकही चट्टा नव्हता, मामासारखाच धट्टाकट्टा. आता मायलेक दोघेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी घेतात.

लग्नाचा फोटो तिने मला दाखवला. चट्टे तसेच आहेत. "राहू द्या सिस्टर," ती म्हणाली, "त्यांनीच माझ्या पोराला वाचवलं."

आज घरी गेल्यावर आपल्या माणसांच्या पापण्या, कोपर आणि टाचा एकदा उजेडात बघा. आणि घरात कुणी पन्नाशीच्या आत 'गॅसने' गेले असेल, तर काही दिसो वा न दिसो, रक्त तपासून घ्या.